ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजायची कोणती पद्धत निवडावी?

ब्लॅकजॅक खेळणाऱ्या कुणालाही विचारा, कॅटमधला सगळ्यात मोलाचा पत्ता कोणता? तो एक्का म्हणेल. गणिताचं उत्तर वेगळं आहे. कॅटमधून एक पत्ता काढून ठेवायचा आणि त्याने खेळाचं पारडं किती झुकलं हे बघायचं, असं प्रत्येक पत्त्याबाबत केलं तर सगळ्यात मोठा फरक पंजीने पडतो. कारण सोपं आहे. डीलरला 16 पर्यंत पत्ता घ्यावाच लागतो, थांबायची मुभा नाही. 12 ते 16 मध्ये अडकलेल्या डीलरला पंजी मिळाली की त्याची बेरीज 17 ते 21 होते, म्हणजे 21 ची मर्यादा न ओलांडता दरवेळी तो सुखरूप पार. एका कॅटच्या खेळात चारही पंज्या आधीच वाटून झाल्या असतील, तर नीट खेळणारा माणूस कॅसिनोच्या तीनेक टक्के पुढे जातो.

एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने एमआयटीत असताना आयबीएम 704 संगणकावर हे हिशेब केले आणि 1961 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. आधी त्याने नुसत्या पंज्या मोजून पाहिल्या, मग दहाच्या पत्त्यांवर (दश्शी, गुलाम, राणी, राजा, सगळे दहाच धरतात) आधारलेली दमदार पद्धत काढली. 1962 मध्ये त्याचं पुस्तक आलं. 1964 मध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंनी घाबरून नियम आवळले, पण गिऱ्हाईक आटलं तसे काही आठवड्यांतच जुने नियम परत आणले. त्यानंतरच्या साठ वर्षांत मोजायच्या डझनावारी पद्धती निघाल्या. नवा माणूस नेमका इथेच गोंधळतो: हाय-लो, केओ, हाय-ऑप्ट, ओमेगा, हाल्व्ह्ज. यांतली कोणती शिकायची?

मोजणं म्हणजे पाठांतर नव्हे, हे आधी सांगायला हवं. मेंढीकोट खेळताना आपण कोणती दश्शी गेली, इस्पिकचा एक्का पडला का, हे लक्षात ठेवतो. ब्लॅकजॅकमध्ये तसं काही करायचं नसतं. रंगाला, म्हणजे किलवर-चौकट-बदाम-इस्पिकला, इथे काही अर्थच नाही. डोक्यात एकच आकडा ठेवायचा आणि पत्ता दिसला की तो वर किंवा खाली न्यायचा. हा आकडा एवढंच सांगतो की उरलेल्या पत्त्यांत मोठे पत्ते जास्त आहेत की छोटे.

मोठे पत्ते, म्हणजे दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का, उरले असतील तर खेळाडूचं भलं होतं. एक्का आणि दहाचा पत्ता मिळून ब्लॅकजॅक दोघांनाही सारख्याच वेळा लागतो, पण खेळाडूला त्याचे दीडपट पैसे मिळतात आणि डीलरला लागला तर आपले फक्त लावलेले तेवढेच जातात. शिवाय 12 ते 16 वर सक्तीने पत्ता घेणारा डीलर मोठ्या पत्त्याने फुटतो, म्हणजे 21 च्या वर जाऊन हरतो, आपण मात्र थांबू शकतो. डबल केलेला, म्हणजे पैज दुप्पट करून एकच पत्ता घेतलेला डावही मोठ्या पत्त्याने फळतो. म्हणून आकडा वर गेला की जास्त पैसे लावायचे, खाली गेला की कमीत कमी. पत्ते मोजण्याचं सगळं मर्म एवढंच.

या सगळ्याच्या आधी बेसिक स्ट्रॅटेजी मुखोद्गत हवी, म्हणजे आपल्या हातातले पत्ते आणि डीलरचा उघडा पत्ता बघून काय करायचं याचा ठरलेला तक्ता. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मैझेल आणि जेम्स मॅकडरमॉट हे चौघे अमेरिकन सैन्यात असताना त्यांनी ॲबर्डीनच्या तळावर टेबलावरच्या कॅल्क्युलेटर यंत्रांनी तो काढला आणि 1956 मध्ये छापला. पुढे संगणकाने तपासल्यावर त्यांचं काम जवळजवळ बिनचूक निघालं. चांगल्या नियमांच्या टेबलावर हा तक्ता पाळला तर कॅसिनोचा फायदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास उरतो. तो अर्धा टक्का ओलांडायला मोजणी लागते. तक्ता न येणाऱ्याने मोजायला शिकणं व्यर्थ आहे.

हाय-लो: एक डाव मोजून बघू

हार्वी डुब्नर यांनी 1963 मध्ये हाय-लो मांडली आणि आयबीएमच्या ज्युलियन ब्रॉन यांनी ती संगणकावर घासूनपुसून घेतली. दुर्री ते छक्की दिसली की अधिक 1. सत्ती, अठ्ठी, नश्शी शून्य. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का वजा 1. पूर्ण कॅटमध्ये अधिकचे वीस पत्ते आणि वजाचेही वीस, म्हणून शेवटी बेरीज शून्य. अशा पद्धतीला संतुलित म्हणतात.

समजा, पहिल्या डावात टेबलावर पंजी, राजा, छक्की, तिर्री, एक्का, सत्ती, दुर्री आणि चव्वी पडली. एकेक पत्ता मोजत बसायचं नाही, जोड्या कापायच्या. पंजी-राजा कटले. छक्की-एक्का कटले. सत्तीकडे लक्षच द्यायचं नाही. उरल्या तिर्री, दुर्री, चव्वी: अधिक 3. सरावलेल्या नजरेला यासाठी दोन-तीन सेकंद पुरतात. हा झाला रनिंग काउंट.

अधिक 3 म्हणजे चांगलं झालं का? ते किती पत्ते उरलेत त्यावर. सहा कॅटच्या खेळात अजून जवळपास सहाही कॅट उरलेले असताना अधिक 3 म्हणजे दर कॅटमागे जेमतेम अर्धा. पण चार कॅट वाटून झालेत, दोन उरलेत आणि रनिंग काउंट अधिक 8 आहे, तर भागाकार 4 येतो. हा ट्रू काउंट, आणि पैसे लावायचे ते याच्याच भरवशावर. ढोबळ हिशेब असा की ट्रू काउंट 1 ने वाढला की खेळाडूची बाजू अर्ध्या टक्क्याने सुधारते. म्हणजे 1 ला बरोबरी, 2 ला अर्धा टक्का आपल्या बाजूने, 4 ला दीड टक्का. किती कॅट उरलेत हे वापरलेल्या पत्त्यांच्या ट्रेकडे बघून ओळखायचं असतं. मोजणी बऱ्याच जणांना जमते, ते अडखळतात या नजरेच्या अंदाजाशी आणि भागाकाराशी.

एक्क्याचं काय करायचं?

पद्धती एकमेकींपासून वेगळ्या का होतात याचं खरं उत्तर माझ्या मते एका पत्त्यात आहे, एक्क्यात. तो दुतोंडी आहे. पैसे किती लावायचे हे ठरवताना एक्का अतिशय मोठा, कारण त्याच्याशिवाय ब्लॅकजॅक नाही. पण पत्ते हातात आल्यावर, 16 वर थांबायचं की अजून एक घ्यायचा हे ठरवताना, तोच एक्का छोटा पत्ता ठरतो, कारण 16 वर आला की तो 11 नव्हे, फक्त 1 असतो आणि कुणाला फोडत नाही. एकाच आकड्यात त्याला मोठाही धरता येत नाही आणि छोटाही. प्रत्येक पद्धतीने इथे एक बाजू घेतलेली असते.

म्हणून पद्धती तीन मापांनी तोलतात. पहिलं, पैसे लावण्यासाठी ती किती अचूक. दुसरं, हातातला डाव कसा खेळायचा यासाठी किती अचूक. तिसरं, इन्शुरन्ससाठी, म्हणजे डीलरचा उघडा पत्ता एक्का असताना त्याला ब्लॅकजॅक लागेल यावर लावायच्या वेगळ्या पैजेसाठी. कॅलिफोर्नियातले गणिताचे प्राध्यापक पीटर ग्रिफिन यांनी 1970 च्या दशकात या मापांचा पाया घातला. 1 म्हणजे परिपूर्ण.

हाय-लो एक्क्याला मोठा धरते. पैसे लावण्याचं तिचं माप 0.97, खेळण्याचं 0.51, इन्शुरन्सचं 0.76. हाय-ऑप्ट वन एक्क्याला शून्य देते, दुर्रीलाही शून्य. तिर्री ते छक्की अधिक 1 आणि दहाचे पत्ते वजा 1. लगेच खेळण्याचं माप 0.61 वर जातं आणि पैसे लावण्याचं 0.88 वर उतरतं. हाय-ऑप्ट टू आणखी पुढे जाते: चव्वी-पंजीला अधिक 2, दुर्री, तिर्री, छक्की, सत्तीला अधिक 1, दहाच्या पत्त्यांना वजा 2, एक्का शून्यच. मापं 0.91, 0.67 आणि 0.91. ओमेगा टू याच घराण्यातली. आणि वाँग हाल्व्ह्ज पैसे लावण्यात 0.99 गाठते, पण तिच्यात पंजी दीड, दुर्री अर्धी, नश्शी वजा अर्धी. अर्धे मोजायला नकोत म्हणून सगळं दुप्पट केलं तरी वेगवेगळ्या वजनांची बेरीज-वजाबाकी चालूच राहते.

हाय-ऑप्ट टूमध्ये पैसे लावताना एक्क्याची उणीव भरून काढायला एक्के वेगळे मोजावे लागतात. वरचाच डाव घेतला तर हाय-ऑप्ट टूचा आकडा अधिक 6 येतो, आणि शेजारी दुसरा आकडा: एक एक्का गेला. मग इतक्या पत्त्यांत सरासरीने किती एक्के जायला हवे होते, त्याहून कमी-जास्त किती गेले, तेवढी दुरुस्ती पैसे लावण्यापुरती करायची. हे सगळं डीलर पुढचा पत्ता उचलेपर्यंत. कागदावर ही पद्धत सुंदर आहे, आणि ज्याला ती खरोखर चुकीविना चालवता येते त्याचा मला आदर वाटतो.

पण मग प्रश्न असा की कोणतं माप जास्त मोलाचं? ते कॅटच्या संख्येवर ठरतं. एक किंवा दोन कॅटच्या, हाताने वाटायच्या खेळात काही पत्ते गेले तरी उरलेल्या गठ्ठ्याचं स्वरूप झपाट्याने बदलतं, म्हणून हातातला डाव कसा खेळायचा याला वजन येतं. सहा-आठ कॅटच्या शूमध्ये, म्हणजे बरेच कॅट एकत्र ठेवून ज्यातून पत्ते वाटतात त्या पेटीच्या खेळात, बहुतेक कमाई पैसे कमी-जास्त लावण्यातूनच होते. आज बहुतेक ठिकाणी समोर शूच असतो. शूच्या टेबलावर हाय-लोचे 0.97 आणि हाल्व्ह्जचे 0.99 यांतला फरक इतका बारीक आहे की तासाभरात झालेली एखाद-दुसरी मोजणीतली चूक तो गिळून टाकते.

खेळण्यातली हाय-लोची कमतरताही बरीच भरून काढता येते. तक्त्यापासून कधी ढळायचं याचे शेकडो आकडे पाठ करायची गरज नाही. डॉन श्लेसिंजर यांनी 1986 मध्ये दाखवलं की त्यांतल्या निवडक 18 निर्णयांतच बहुतांश फायदा येतो. पहिला इन्शुरन्सचा: तक्ता सांगतो कधीच घेऊ नका, पण हाय-लोचा ट्रू काउंट 3 किंवा वर असेल तर घ्या, कारण तेव्हा उरलेल्या पत्त्यांत दहाचे पत्ते एक तृतीयांशाहून जास्त असतात आणि इन्शुरन्सला दोनास एक मिळतात. दुसरा, आपले 16 आणि डीलरचा दहाचा पत्ता: तक्ता म्हणतो पत्ता घ्या, काउंट शून्याच्या वर असेल तर थांबा. असे दहा-बारा निर्णय आले तरी खूप झालं.

भागाकार नकोच असेल तर

केओ ही पद्धत 1990 च्या दशकात ओलाफ व्हॅन्कुरा आणि केन फुक्स यांनी प्रसिद्धीस आणली. हाय-लोमध्ये तिने एकच बदल केला: सत्तीलाही अधिक 1. त्यामुळे पूर्ण कॅटची बेरीज शून्य न येता अधिक 4 येते. असंतुलित पद्धत म्हणतात ती हीच, आणि हा असमतोल मुद्दाम ठेवलेला आहे. सहा कॅटला शून्यापासून नव्हे, वजा 20 पासून सुरुवात करायची. आपला मघाचा डाव केओत अधिक 4 भरतो, म्हणजे आकडा वजा 16 वर आला. सहा कॅटचे सगळे पत्ते संपेपर्यंत 24 ची भर पडणार, म्हणजे शेवट अधिक 4 वर. यातला खुबीचा भाग असा की आकडा अधिक 4 ला पोचला, तर किती कॅट उरलेत याचा विचार न करता समजायचं की दर कॅटमागे 4 जादा आहेत. भागाकार आपोआप झाला. सहा कॅटला वजा 4 पासून पारडं आपल्याकडे झुकू लागतं, तिथून पैसे वाढवायला लागायचं. खूप आधी किंवा खूप उशिरा हा अंदाज थोडा ढिला पडतो, एवढीच किंमत.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याला डोक्यात भागाकार करायला त्रास होत नाही त्याने हाय-लो घ्यावी. गोंगाटात भागाकार चुकतो असं लक्षात आलं तर केओ. एक-दोन कॅटचा चांगला खेळ जवळ असेल, हाय-लो दीर्घकाळ बिनचूक चालवून झाली असेल आणि तरी भूक उरली असेल, तरच हाय-ऑप्ट टूकडे वळावं. शूवर बसणाऱ्याने हाल्व्ह्जच्या वाटेला जाऊ नये.

टेबल आधी, पद्धत नंतर

पद्धतीवर महिनोन्महिने वाद घालणारे लोक टेबल मात्र न बघता बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. टेबलावर छापलेलं वाचा. ब्लॅकजॅकला तीनास दोन मिळतात की सहास पाच? शंभर लावले तर पहिल्यात दीडशे, दुसऱ्यात एकशेवीस. ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा लागतो, म्हणजे दर एकवीस डावांमागे तीस रुपये गेले. हे जवळपास 1.4 टक्के होतात. जगातली कोणतीही मोजणी हे भोक परवडण्याजोगं बुजवू शकत नाही. तिथून उठायचं.

मग कट कार्ड बघा, म्हणजे पत्ते पिसल्यावर गठ्ठ्यात खोचलेला रंगीत पत्ता. तो आला की पुन्हा पिसणं. सहापैकी पाच कॅट वाटले जात असतील तर मोजणीला दम येतो. चारच वाटले जात असतील तर काउंट वर चढला की खेळ संपतो. हा एका कॅटचा फरक हाय-लो आणि हाय-ऑप्ट टू यांतल्या फरकापेक्षा मोठा आहे. वापरलेले पत्ते लगेच आत घेऊन सतत पिसणारं यंत्र असेल तर मोजायला काही उरतच नाही. ऑनलाइन खेळात संगणक दर डावाला नवे पत्ते पिसत असेल तर तिथेही तेच.

पैशांचे हेलकावे

समजा, तुम्ही दर डावाला 100 रुपये लावता आणि सरासरी 1 टक्का पुढे आहात. 100 डावांत अपेक्षित कमाई 100 रुपये. पण एका डावातला चढउतार लावलेल्या रकमेच्या सुमारे 1.15 पट असतो, म्हणून 100 डावांत हजार-बाराशे इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं. 10,000 डाव खेळल्यावर अपेक्षित कमाई 10,000 आणि हेलकावा 11,500 च्या घरात. इतकं बिनचूक खेळूनही पाचातला जवळपास एक जण तोट्यात असेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. काउंटनुसार पैसे आठ-दहा पट वाढवायचे म्हटल्यावर हेलकावे आणखी मोठे होतात. घरखर्चाच्या, फी-हप्त्यांच्या पैशाने हे करू नये, उसनवारीने तर मुळीच नाही.

कायद्याबद्दल दोन शब्द. अमेरिकेत डोक्याने मोजणं हा गुन्हा नाही. नेव्हाडात कॅसिनो तुम्हाला खेळू न देता बाहेर काढू शकतो. न्यू जर्सीत केन उस्टन या नामांकित खेळाडूच्या खटल्यात 1982 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की केवळ मोजतो म्हणून कॅसिनोला कुणाला आपल्या मर्जीने अडवता येणार नाही. लपवलेलं यंत्र वापरणं मात्र नेव्हाडात 1985 पासून गुन्हा आहे.

आपल्याकडे गोव्यात मांडवीवरच्या बोटींवर ब्लॅकजॅकची टेबलं आहेत. महाराष्ट्रात 1976 चा कॅसिनो कायदा कधी अंमलातच आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. गोव्यात मोजणीचा विचार करणाऱ्याने आधी कराचं गणित करावं. चिप्स घेताना भरलेल्या पूर्ण रकमेवर ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के जीएसटी होता, सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. एक लाखाच्या चिप्सवर चाळीस हजार कर धरला, तर 1 टक्का फायद्याने तो वसूल करायला चाळीस लाखांच्या पैजा लावाव्या लागतील. वर जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. पद्धत कोणतीही घ्या, हे आकडे तिच्या आवाक्याबाहेरचे आहेत. इथे मोजणी शिकायची ती संभाव्यतेच्या गणितासाठी, किंवा परदेशातल्या चांगल्या टेबलासाठी.

सरावाला घरातला एक कॅट पुरतो. पिसा, एक पत्ता न बघता बाजूला ठेवा, उरलेले 51 हाय-लोने मोजा. शेवटी शून्य आलं तर बाजूचा पत्ता सत्ती, अठ्ठी किंवा नश्शी. अधिक 1 आलं तर मोठा. वजा 1 आलं तर छोटा. पत्ता उलटून बघा. अर्ध्या मिनिटात, टीव्ही चालू असताना, घरातल्यांशी बोलत असताना हे लागोपाठ बरोबर येऊ लागलं, की सहा कॅट आणा, त्यातला काही भाग रचून ठेवा आणि नुसत्या नजरेने किती कॅट आहेत ते अर्ध्या कॅटच्या फरकाने ओळखायला शिका.